म्हशीच्या बाजारात मोठी गाडी

मोठी गाडी मी रागानं घेतली. विचारलं की हौस म्हणून घेतली असं सांगतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला उशिरा हौस सुचली हे लोकांना पटतंही. पण खरं कारण राग. माझा मेहुणा मोडनिंबच्या पुढं एका वस्तीवर राहतो. मी साडेतीनशे सीसीची, रुंद टाकीची, बसलं की पाय पुढं पसरतात तसली गाडी घेतली, ही बातमी त्याच्यापर्यंत जावी एवढाच माझा विचार होता. बातमी गेली. त्यानं काही मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. अलीकडं मला फारसं काही मनाला लागत नाही.

माझा धंदा दुभत्या म्हशींचा. बाजारातून म्हैस घ्यायची आणि अकलूजकडच्या गोठेवाल्यांना द्यायची. वडील दुधनीकडं दुसऱ्यांची जनावरं राखायचे. त्यांच्याकडून मला मिळालं ते एवढंच, की जनावर चार पावलं चालताना बघितलं की ते किती दूध देईल याचा अंदाज येतो. बाकी सगळं मी केलं. सोलापुरात पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, त्याच जागेवर आता स्लॅब आहे. हे मी येईल त्याला सांगतो अशी बायकोची तक्रार असते. सांगणार. मी केलंय तर मीच सांगणार.

हे सगळं शंभर सीसीच्या एका गाडीवर झालं. घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती आणि पुढं अठरा वर्षं मी ती चालवली. सीटला सुतळीची शिवण, एका आरशाच्या जागी नुसता दांडा, मडगार्डवर शेणाचे आणि चिखलाचे वाळलेले थर. मी ती मुद्दाम धूत नव्हतो. जनावराच्या बाजारात विकणारा आधी तुमची गाडी बघतो, मग तुमच्या पायातलं बघतो, आणि मग भाव सांगतो. गाडी फाटकी असली की सांगतानाच भाव खाली येतो. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी एकदा इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि त्या शर्टाची किंमत म्हशीत भरून आलो, तेव्हापासून माहीत.

मागं बसायला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. विशीतला असताना तो माझ्याकडं आला, शिक्षणात मन नव्हतं म्हणून सासऱ्यांनी पाठवला. मी त्याला जनावराचे दात बघायला शिकवलं, कास दाबून बघायला शिकवलं, खोड झाकून आणलेलं जनावर ओळखायला शिकवलं. गाडीवर मी त्याला ‘पाव्हणं’ म्हणायचो. ‘पाव्हणं, झोप लागली का? मागनं घोरण्याचा आवाज यायलाय.’ तो म्हणायचा, ‘दाजी, ते इंजिन हाय. तुमी आईल बदलत न्हाईसा.’ पंधरा वर्षं असं चाललं.

बाजारात मात्र आम्ही एकमेकांना ओळख दाखवायची नाही, असं ठरलेलं. गाडी बाजाराच्या अलीकडं लावायची. तो आधी जाणार, फिरणार, एखाद्या चांगल्या म्हशीपाशी थांबून मालकाला ऐकू जाईल असं पुटपुटणार, की पुढच्या पायानं जरा लंगडतीया वाटतं. मग पुढच्या म्हशीकडं निघून जाणार. थोड्या वेळानं मी तिथं पोचायचो तेव्हा मालक जरा नरम झालेला असायचा. कसल्या म्हशीला जास्तीत जास्त किती द्यायचे तो शेवटचा आकडा मी त्याला सकाळीच मोहोळला चहा पिताना सांगून ठेवायचो. तो आकडा आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नसायचा.

जे बाजारात गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. एक जण खांद्यावरचा टॉवेल काढतो, दोघांचे हात त्याच्याखाली जातात आणि बोटं धरून भाव चालतो. जितकी बोटं धरली तितके; पंजा धरला की पाच. आधी मोठा आकडा, मग वरचे सुटे हजार. भोवती वीस माणसं उभी असली तरी त्यांना फक्त टॉवेल हलताना दिसतो. दुधनीकडच्या बाजारात समोरचा कानडी बोलणारा असला तरी सौदा अडत नाही. आणि सौदा होवो न होवो, टॉवेलाखालचा आकडा बाहेर सांगायचा नाही. बाकी हजार लबाड्या चालतात, ही एक चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी मोडनिंबच्या बाजारात एक म्हातारी म्हैस घेऊन आली होती. पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी शिंगं पाठीवर टेकलेली, कास अशी की मी लांबूनच थांबलो. म्हातारीचे गुडघे गेले होते, धार काढायला बसता येत नव्हतं, मुलं पुण्याला कंपनीत. म्हैस विकायची एवढंच तिला माहीत होतं. आता बाईमाणसाचा हात टॉवेलाखाली कुणी धरत नाही. अशा वेळी ती बाई आपल्या बाजूनं कुणाला तरी हात घालायला सांगते, बहुतेक वेळा ओळखीच्या दलालाला. तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं. दोन-तीन दलाल घिरट्या घालत होते. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि बाजूला उभ्या असलेल्या माझ्या मेहुण्याला बोलावलं.

“पोरा, तू घाल माझ्याकडनं हात. तुझं त्वांड बरं हाय.”

मला हसू आवरेना. मी तोंड फिरवलं. माझाच माणूस समोरच्या बाजूनं बसला होता. शोभेपुरतं दोनदा हात दाबायचा, डोकं हलवायचं, आणि मी देईन त्यावर सोडून द्यायचं. एवढं सोपं काम धंद्यात कधी आलं नव्हतं.

टॉवेल त्याचा. मी हात घातला आणि माझा आकडा धरला, बराच खालचा. त्यानं माझी बोटं सोडवली आणि मोहोळला सांगितलेला शेवटचा आकडा धरला. मला वाटलं चेष्टा करतोय. मी पुन्हा माझा धरला. त्यानं पुन्हा तोच. तो जमिनीकडं बघत होता. मी थोडं वर गेलो, आणखी थोडं गेलो. तो हलला नाही. मग मी त्याची करंगळी पिरगाळली. त्यानं ती पिरगाळू दिली आणि दुसऱ्या बोटांनी परत तोच आकडा धरला. आमच्या दोघांतला आकडा तो मलाच विकत होता.

मी टॉवेल ओढून फेकला. ‘एवढे मागतोय हा, एवढे!’ म्हणून तो आकडा वीस माणसांत मोठ्यानं बोललो आणि त्याच्या कानाखाली मारली.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. परक्या माणसाला असं कुणी मारत नाही, हे तिला कळलं असणार.

“तुमी एकच हाय व्हय रं?” ती म्हणाली आणि म्हशीचा कासरा सोडायला लागली.

मेहुण्यानं टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला आणि चालत वस्तीकडं गेला. तेव्हापासून तो माझ्याकडं आला नाही. मीही गेलो नाही. मी का जावं? ज्याला हाताला धरून धंदा शिकवला त्यानं माझाच आकडा माझ्यावर फिरवला. माफी मागायला तो येईल म्हणून पहिले सहा महिने मी वाट बघितली. मग कानावर यायला लागलं की तो एकटाच म्हशी करतो, अकलूजला माझे दोन गोठे त्याच्याकडून घेतात. त्यातला एक गोठेवाला मला माझ्याच तोंडावर म्हणाला, तुमचा मेहुणा शब्दाचा माणूस आहे. मी त्याच्याकडचा चहा तसाच ठेवून उठलो.

बायको यातलं काही बोलली नाही. माहेरी जाऊ नको असं मी तिला कधी म्हणालो नाही. सोडायला येतो असंही म्हणालो नाही. मी घेऊन गेलो नाही तर ती एकटी जाणार नाही हे मला माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तीन वर्षांत तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती फोनवर बोलली.

तर मोठी गाडी. शोरूमचा मुलगा टाय लावलेला, प्रत्येक वाक्याला सर म्हणणारा. त्यानं छापील भाव पुढं केला.

“कमी किती करणार?”

“सर, कंपनीचा रेट असतो. फिक्स.”

“म्हशीचापण असतो. तरी आमी बोलतोच की.”

तो हसला. मला तो हसलेला आवडला नाही. मी दुपारी बारा ते साडेतीन तिथं बसलो. दोनदा उठून गेलो, दोनदा त्यांनी फाटकातून परत आणलं. एकदा आवाज चढवला तेव्हा गाड्या बघायला आलेली दोन कुटुंबं निघून गेली, मग मॅनेजर आला. शेवटी लेगगार्ड, सीटकव्हर, दोन हेल्मेट आणि मागं पाठ टेकायचा लोखंडी टेकू, हे सगळं मी फुकटात काढलं. आधीचा मी असतो तर हे महिनाभर सांगत फिरलो असतो.

जुनी गाडी एक्स्चेंजला घेतो म्हणाले. एक माणूस बाहेर आला, लांबून एक चक्कर मारली, मीटर बंद आहे म्हणाला आणि भंगारवाला बरा म्हणावा असा भाव सांगितला. माझं डोकं फिरलं. मी म्हशीचं तोंड उघडल्याशिवाय वय बोलत नाही, तू निदान किक तरी मार, म्हणालो. त्यानं किक मारली. पहिल्या किकला चालू झाली. तरी भाव तोच. मी गाडी दिली नाही.

मग माझ्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी चावी दिली, गळ्यात हार घातला आणि फोटो काढला. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यात मी कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा उभा आहे. घरी बायकोनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवला. बसून बघा, मागची सीट चांगली आहे, असं मी तिला म्हणालो. मागची सीट टीचभर होती. ती म्हणाली, सावकाश बघू.

गाडी पहिल्याच आठवड्यात पुणे नाक्याजवळ आडवी झाली. वळवताना पाय टेकवला तिथं खडी होती. एवढं वजन एकदा कलंडायला लागलं की माणसाच्या हातात काही राहत नाही, फक्त बाजूला व्हायचं. चहाच्या टपरीवरून दोघं आले आणि आम्ही तिघांनी ती उभी केली. ‘काका, बारकी गाडी बरी व्हती की तुमाला,’ त्यातला एक म्हणाला. इतर वेळी मी त्याला सोडला नसता. मी हो म्हणालो आणि गाडी चालू करून निघालो. मोहोळ येईपर्यंत वाट बघितली, पण राग आला नाही.

बाजारात तिनं काय केलं ते सांगतो. पहिल्याच दिवशी मी ती थेट जनावरांच्या रांगेपर्यंत नेली. लोकांनी बघावी म्हणूनच घेतली होती. ती धडधडत आत शिरली आणि पहिल्या दावणीतल्या चार म्हशींनी खुंट्यांना हिसके दिले, एक रेडकू दावं तोडून पळालं. सगळा बाजार माझ्याकडं बघत होता, आणि कौतुकानं नाही. मग मी एका म्हशीपाशी गेलो. मालक माझ्याकडं न बघता गाडीकडं बघत होता. त्यानं सांगितलेला भाव ऐकून मी नेहमीसारखा हसलो आणि निघालो. मागून हाक येते, नेहमी येते. हाक आली नाही.

दुसऱ्या म्हशीला तेच, तिसरीला तेच. ज्या माणसांकडून मी दहा-दहा वर्षं म्हशी घेतल्या ते म्हणत होते, ‘शेठ, तुमाला काय कमी हाय?’ मला अठरा वर्षांत कुणी शेठ म्हटलं नव्हतं. मी पहिल्या वर्षीच्या त्या शर्टाची चूक केली होती, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून केली होती. त्या दिवशी रिकाम्या हातानं परत आलो.

पुढच्या खेपेपासून गाडी बाजाराच्या अलीकडं एका ढाब्यावर लावायला लागलो आणि तिथून चालत जायला लागलो. पण बातमी माझ्या आधी पोचलेली असायची. आणि आणखी एक त्रास. त्या गाडीच्या हँडलची थरथर अशी, की तासभर चालवली की उजव्या हाताला मुंग्या येतात आणि मग बराच वेळ बोटं बधिर राहतात. चोळली तरी बधिरपणा जात नाही. एकदा टॉवेलाखाली समोरच्यानं तीन धरलीत की चार, हेच मला कळेना. मी हात काढून घेतला आणि म्हैस आवडली नाही म्हणालो. चांगली म्हैस होती.

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी गाडी छान चालते म्हणत होतो.

जुनी गाडी अंगणात तशीच उभी होती. ती विकायची म्हणून मी दोघा-तिघांना सांगितलं. लोक आले, मी प्रत्येकाशी भांडलो. एकानं टायरला लाथ मारली म्हणून, एकानं किंमत फोनवर दुसऱ्याला विचारली म्हणून. एक जण तर मी सांगितलेल्या भावाला तयार झाला, आणि इतक्या लवकर तयार झाला म्हणून मी भाव वाढवला. तो शिव्या देत गेला.

एके दिवशी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “त्याला गाडी पाहिजे म्हणं.”

“कुणाला?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“त्याच्याकडं हाय की गाडी.”

“चोरीला गेली. बाजारातनंच. दोन महिनं झालं, एस्टीनं फिरतोय.”

मला हे माहीत नव्हतं. मी जेवत राहिलो. मग म्हणालो, चार माणसं येतात तसा येऊ दे. बघू दे. पटली तर घेऊ दे. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तव्यावरची भाकरी मीच उलटली.

तो रविवारी आला, सकाळी नऊच्या सुमाराला. मी नुकताच मोहोळपर्यंत जाऊन आलो होतो. एका म्हैसवाल्याला भेटायचं होतं. मोठी गाडी अंगणात अजून गरम होती. त्यानं चप्पल दारात काढली, बहिणीला वाकून नमस्कार केला, पाणी प्याला. तीन वर्षांत त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मोठ्या गाडीकडं त्यानं एकदा बघितलं, जसं बाजारात न घ्यायच्या जनावराकडं बघतात तसं. मग जुनीपाशी गेला. मी शिकवलं होतं तसंच त्यानं सगळं केलं. बसून बघितली, चेन ओढून बघितली, पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल हलवून बघितलं, सायलेन्सरला तळहात लावून धूर बघितला. टायरला लाथ मारली नाही.

तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही बोललो नाही. बायको दारात उभी होती. भाव कुणी काढायचा हा प्रश्न होता. मोठा मी, मी काढायला हवा होता. मी काढला नाही.

मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि स्वतःच्या उजव्या हातावर टाकला.

अंगणात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लपवायचं कुणापासून? तरी मी हात घातला. त्यानं माझी बोटं धरली. त्याचा हात आला एवढं मला समजलं, कोमट, खरबरीत. पण मोहोळहून मी नुकताच गाडीवर आलो होतो, बोटं अजून बधिर होती. त्यानं किती धरली ते मला कळलं नाही. दोन, तीन, पंजा, काहीच कळलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं, जरा जास्त वेळ. तो या वेळी जमिनीकडं बघत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता.

हात काढून घेता आला असता. तोंडानं विचारता आलं असतं. माझ्या आयुष्यात मी न कळलेल्या भावाला कधी होकार दिलेला नाही, साध्या कोथिंबिरीच्या जुडीलाही नाही. मी त्याचा हात दाबला. सौदा झाला.

तो आत गेला आणि बहिणीच्या हातात पैसे ठेवले. तिनं ते डब्यात टाकले. किती होते ते मी विचारलं नाही, आजही मला माहीत नाही.

कागदांवर सह्या करताना तो पहिल्यांदा बोलला. कागदाकडं बघतच बोलला.

“दाजी, मारलं त्याचं काय न्हाय. तुमी आकडा मोठ्यानं बोलला.”

मी पुढच्या कागदावर सही केली.

“सौदा उघड्यावर मोडल्यालं जनावर हाय म्हणून त्या म्हशीला परत कुणी हात लावला न्हाय. चार बाजार फिरली म्हातारी, त्या गुडघ्यांनी. शेवटी मीच घेतली.”

“कितीला?” हे माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

“तुमी मोहोळला सांगितल्याल्या आकड्याला.”

मी पेन बंद केलं. तीन वर्षं मी ज्याला फितुरी म्हणत होतो त्याबद्दल तो काही बोलतच नव्हता. त्याच्या मनात ती गोष्टच नव्हती. त्याच्या मनात वेगळी गोष्ट होती आणि ती माझी होती. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “मागचा ब्रेक कमी लागतो. घट्ट करून घे.”

“बरं,” तो म्हणाला.

बायको पिशवी भरून बाहेर आली. ती कधी भरली होती कोण जाणे. आठ दिवस राहून येते म्हणाली. मोठ्या गाडीवर सोडतो, असं मी म्हणालो. तिनं त्या सीटकडं बघितलं. ह्याच्याबरोबर जाते, ह्या गाडीला साडीगार्ड आहे, म्हणाली. मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, “न्यायला या.”

ती एका बाजूला पाय सोडून जुन्या गाडीवर बसली, पदर कमरेला खोचला, पिशवी मांडीवर घेतली. पहिल्या किकला गाडी चालू झाली.

आठ दिवस मी स्वतः भात करून खाल्ला. बाजाराला गेलो नाही. दोन दिवस सारखं वाटत होतं की फोन करून तिला एस्टीनं यायला सांगावं, मेहुण्यानं आणून सोडावं. पण बाईला माहेराहून आणायला जावई जातो. मी गेलो नाही तर तो सौदा दुसऱ्यांदा उघड्यावर मोडला असता, आणि या वेळी तिच्या आईच्या दारात.

रस्त्याला लागल्यावर मी हेल्मेटमध्ये वाक्य जुळवत होतो. चुकलं माझं. नको. तू लहान आहेस, तरी. नको. मोहोळला चहाला थांबलो नाही. वस्तीवर पोचलो तेव्हा मेहुणा गोठ्याच्या भिंतीला शेणामातीचा हात देत होता. कोपरापर्यंत हात भरलेले. तो उठला नाही. आत हाक मारून म्हणाला, “दाजी आल्यात. चहा टाका.”

मी बाजेवर बसलो. त्यानं विचारलं, गाडी ॲव्हरेज किती देते. पस्तीस म्हणालो. लईच पेट्रोल खातीया की, म्हणाला. व्हय, म्हणालो. सासूबाई बाहेर आल्या, नवा चष्मा लावून मला नीट न्याहाळलं आणि बारीक झालात म्हणाल्या. चहा आला. मेहुण्यानं बादलीत हात धुतले आणि माझ्या शेजारी बसला.

मी म्हणालो, “आकडा बोलायला नको होता मी.”

“व्हय,” तो म्हणाला आणि कप उचलला.

एवढंच. मला वाटलं होतं की हे बोललो की छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. चहात साखर जास्त होती. गोठ्यात कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली.

निघताना बायको त्या टीचभर सीटवर कशीबशी बसली, एका हातानं लोखंडी टेकू धरून. दिवाळीला परत येते, असं तिनं आईला सांगितलं. मी बटण दाबलं. मेहुणा जवळ आला आणि काहीतरी विचारलं, त्या धडधडीत मला ऐकू आलं नाही. त्यानं परत विचारलं, दिवाळीला सोडायला तुमीच येणार न्हवं, असं काहीतरी. मी येतो म्हणालो. ऐकू येत नाही म्हणून त्यानं कानामागं हात धरला.

मी गाडी बंद केली.

“येतो,” मी म्हणालो. “मीच येतो सोडायला.”